चुकलेला ठोका कोणाचा अपराध?

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या माणसाला ज्या शब्दांशी आयुष्यभर झगडावे लागते, त्यांत 'लेव' या इब्री शब्दाचा क्रम फार वरचा आहे. जुन्या करारात 'लेव' आणि त्याचेच दुसरे रूप 'लेवाव' मिळून साडेआठशेच्या आसपास वेळा येतात. कोशात त्यांचा अर्थ 'हृदय' असा दिलेला असतो. पण मराठीत सर्वत्र 'हृदय' घालत गेले, तर वाचकाची पदोपदी दिशाभूल होईल. नीतिसूत्रांत ज्याला 'लेव नसलेला' म्हटले आहे तो मराठी वाचकाला निर्दय वाटेल. मूळ लेखकाला मात्र तो बेअक्कल आहे, एवढेच म्हणायचे आहे. इब्री माणूस विचार करतो तो हृदयाने, निश्चय करतो तोही हृदयाने, आणि ज्याला आपण सदसद्विवेकाची टोचणी म्हणतो ती त्याला हृदयात, कधी कधी तर थेट मूत्रपिंडांत जाणवते. म्हणून मराठी भाषांतरकार कधी मन म्हणतो, कधी अंतःकरण, कधी बुद्धी, तर कधी अंतर्याम. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे, ही देवाची कृपाच म्हणावयाची.

थोड्या ठिकाणी मात्र 'लेव' म्हणजे छातीत धडधडणारा तो मांसाचा गोळाच असतो, किंवा निदान त्याच्यापासून शब्द फार दूर गेलेला नसतो. योसेफ जिवंत आहे हे ऐकून वृद्ध याकोबाचे हृदय जणू गार पडते (उत्पत्ती ४५:२६). अबीगईलने रात्रीची हकीकत सांगितल्यावर नाबालाचे हृदय आतल्या आत मरते, तो दगडासारखा होतो आणि दहा दिवसांनी प्राण सोडतो (१ शमुवेल २५:३७, ३८). स्तोत्र ३८:१० मध्ये तर एक विलक्षण क्रियापद आले आहे: 'सहरहर'. त्याचा धातू फिरणे, हिंडणे या अर्थाचा. गावोगाव हिंडणाऱ्या व्यापाऱ्याचे इब्री नावही त्याच धातूवरून आले. त्या धातूची शेवटची दोन अक्षरे पुन्हा उच्चारून स्तोत्रकर्त्याने आपल्या हृदयाची अवस्था सांगितली आहे. मराठीने गरगर, भिरभिर, धडधड हे शब्द ज्या रीतीने घडवले, तीच ही रीत.

एकाच शब्दात इंद्रियही राहते आणि विवेकही राहतो. या दोघांची सरमिसळ झाली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचा विचार करण्याची पाळी गेल्या काही वर्षांत आमच्या कुटुंबावर आली. ती आली कुंभकोणमला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी.

कुंभकोणम हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले हे गाव तंजावरच्या भोसल्यांच्या मुलुखातले. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच, एका तंजावरी मराठी घराण्यात झाला. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही या भागात आहेत. ख्रिस्ती वाचकाला आणखी एक धागा आठवेल. याच कावेरीच्या मुखाजवळ, तरंगंबाडीला, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ साली उतरला आणि १७१५ साली तमिळ नवा करार त्याने तेथेच छापून घेतला. भारतीय भाषेतला तो पहिला छापील नवा करार. माझे मेहुणे तमिळ ख्रिस्ती आहेत. घरात बहीण मुलांशी मराठीत बोलते, ती बापाशी तमिळात बोलतात, आणि मी दोन्ही भाषांत त्यांचा 'मामा'च असतो. तमिळ 'अत्तै' आणि आपली 'आत्या' यांत तरी किती अंतर आहे?

माझी भाची तेरा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर धावता धावता कोसळली. मिनिटभरात ती शुद्धीवर आली. एका डॉक्टरांनी फेफरे म्हणून औषध सुरू केले. दोन वर्षांनी वर्गात शिक्षिकेने एकाएकी दरडावून नाव पुकारले, तेव्हा ती पुन्हा पडली. मग औषधाची मात्रा वाढवण्यात आली, आणि औषधाबरोबर लोकांचे बोलणेही वाढले. कोणी म्हणाले, बाहेरचे काही असेल. प्रार्थनेला येणाऱ्या एका प्रवचनकाराने मुलीला समोर बसवून योहान १४:१ वाचून दाखवले आणि तिच्या आईवडिलांना सांगितले की, विश्वास असता तर हिचे हृदय असे डगमगले नसते. घरात काही लपलेले असेल तर ते आधी उघड करा.

येथे भाषांतरकाराला थांबणे भाग आहे. योहान १४:१ मध्ये मूळ ग्रीक शब्द 'कार्दिया' आहे. आपल्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात तेथे 'अंतःकरण' आहे, त्यामुळे ते वचन ऐकताना कोणा मराठी माणसाचा हात छातीवर जात नाही. जुन्या तमिळ भाषांतरात मात्र तेथे 'इरुदयम्' आहे. आणि कुंभकोणमच्या रस्त्यावर हृदयरोगतज्ज्ञाच्या पाटीवरही हाच शब्द रंगवलेला असतो. पंधरा वर्षांच्या मुलीने तो शब्द ऐकला, तेव्हा पाटीवरचा शब्द आणि शास्त्रातला शब्द तिच्यासाठी एकच झाले. तिचे इरुदयम् कलंडत होते. प्रभूने कलंडू नको म्हटले होते. म्हणजे ती आज्ञाभंग करीत होती. १९९५ च्या तमिळ भाषांतरात तेथे 'उळ्ळम्' हा अंतरंगवाचक शब्द आला आहे. तो निवडणाऱ्यांचे मी मनोमन आभार मानले.

त्याच वचनातले क्रियापदही पाहण्यासारखे आहे. 'तारास्सो' म्हणजे ढवळणे, घुसळणे. बेथेस्दा तळ्याचे पाणी हलते तेथेही (योहान ५:७) तेच आहे. हेच क्रियापद योहानाने १४ व्या अध्यायाच्या आधी खुद्द प्रभू येशूविषयी वापरले आहे: १२:२७ मध्ये त्याच्या जिवाविषयी, १३:२१ मध्ये त्याच्या आत्म्याविषयी. भाषांतरात ठिकठिकाणी निराळे शब्द आले की हा दुवा वाचकाच्या नजरेतून निसटतो. ज्याच्या अंतरात नुकतीच खळबळ उडून गेली, तोच शिष्यांना खळबळू नका म्हणतो. ती धमकी नव्हे, धीर आहे. आणि तो देणाऱ्याने स्वतः गेथशेमानेत भयाने व्याकूळ होण्याची लाज बाळगली नाही. मग एका मुलीच्या थरकापाला पाप म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

सतराव्या वर्षी ती तिसऱ्यांदा कोसळली, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी मेंदूऐवजी हृदयाचा आलेख काढला आणि दुखणे सापडले. त्याला लाँग क्यूटी सिंड्रोम म्हणतात. ते समजून घ्यावयाचे तर हृदय चालते कसे, हे थोडे पाहावे लागेल.

हृदयाचा ठोका मेंदूच्या हुकमावर अवलंबून नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो शोधून काढला. तेथून दर ठोक्याला विजेची एक सूक्ष्म लहर निघते, वरच्या कप्प्यांतून पसरते, मधल्या गाठीत क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत उतरते. ती मधली गाठ जपानचे सुनाओ तावारा यांनी जर्मनीत अभ्यास करीत असताना १९०६ साली दाखवून दिली. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते. डच शास्त्रज्ञ आइंथोव्हन यांनी ही लहर कागदावर उमटवली आणि तिच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे दिली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचा काळ म्हणजे खालचे कप्पे उद्दीपित होऊन पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा काळ. तो साधारणपणे सेकंदाच्या चार दशांशाच्या आसपास असतो आणि नाडीच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतो. पेशी पूर्ववत होतात त्या मुख्यतः पोटॅशियमचे कण बाहेर पडल्यामुळे. ज्या सूक्ष्म दारांतून ते बाहेर पडतात, ती दारे जन्मतः सदोष असली तर हा काळ लांबतो. माझ्या भाचीच्या आलेखात तो अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला होता.

सेकंदाचा एक दशांश इकडे की तिकडे! एरवी त्याने काहीच बिघडत नाही. मुलगी हसते, खेळते, अभ्यास करते. स्टेथोस्कोप लावला तर काही ऐकू येत नाही. पण धावताना, पोहताना, दचकल्यावर किंवा संतापाच्या भरात नाडी वेगाने चालू लागली आणि पेशी पूर्ववत होण्याआधीच नवी लहर येऊन थडकली, तर खालचे कप्पे एका चक्राकार गोंधळात सापडतात. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस कोसळतो. बहुधा चक्र आपोआप थांबते. कधी थांबत नाही. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ साली या अवस्थेचा आलेख पाहिला, तेव्हा त्यातली टोके एका रेषेभोवती पिळत गेल्यासारखी दिसली, म्हणून त्यांनी तिला 'टोकांचा पीळ' अशा अर्थाचे नाव दिले. तो आलेख मी भाचीच्या डॉक्टरांच्या पुस्तकात पाहिला, तेव्हा मला 'सहरहर' आठवले. स्तोत्रकर्त्याला हा रोग होता, असे मी मुळीच सुचवीत नाही. शास्त्रात आधुनिक वैद्यक शोधून काढण्याची हौस मला नाही. शब्द मात्र चपखल आहे.

सुमारे दोन हजार माणसांत एकाला हा दोष असतो, असा अंदाज आहे. १९५७ साली नॉर्वेचे येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरात सहा मुले होती. त्यांतली चार जन्मतः बहिरी होती आणि त्यांना असे झटके येत. त्या चौघांतली तीन अचानक दगावली. पुढे १९६३ साली इटलीत रोमानो यांनी आणि १९६४ साली आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी बहिरेपणाशिवायचा प्रकार वर्णिला. १९९५-९६ मध्ये त्याची पहिली जनुके सापडली. या रोगाच्या अभ्यासात मिलानच्या पीटर श्वार्ट्स यांचे नाव मोठे आहे. तंजावरकडचे ख्रिस्ती लोक श्वार्ट्स म्हटले की सरफोजीराजांचे गुरुस्थानी असलेले, १७९८ साली निवर्तलेले मिशनरी श्वार्ट्स समजतात. त्यामुळे भाचीच्या आजीला हे नाव ऐकून उगीचच फार आधार वाटला. वाटो बापडीला!

या सर्वांच्याही आधीची एक नोंद आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. १८५६ साली लाइपझिगच्या माइस्नर यांनी मूकबधिरांविषयी एक ग्रंथ लिहिला. तेथील मूकबधिर शाळेतल्या एका मुलीने काही किरकोळ चोरी केली होती. शाळाप्रमुखांपुढे तिला समज देण्यासाठी उभे केले, आणि ती जागच्या जागी मरून पडली. आईवडिलांना हे कळवले, तेव्हा त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच गेली होती, एक भयंकर भीतीने आणि दुसरे संतापाच्या झटक्यात.

ख्रिस्ती वाचकहो, क्षणभर त्या सभागृहात उभे राहून पाहा. चोरी झाली आहे. अपराधी समोर आहे. जाब विचारला जातो. ती गतप्राण होऊन पडते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५ आपल्याला मुखोद्गत आहे. हनन्या आणि सप्पीरा डोळ्यांपुढे आल्यावाचून कसे राहतील? त्या दिवशी तेथे बसलेल्या किती मुलांच्या मनात देवाच्या न्यायाचा तडाखा बसला असेल! आणि खरी गोष्ट एवढीच की, एका पोरीला आईबापांकडून सदोष पोटॅशियमची दारे मिळाली होती आणि ती घाबरली.

हनन्या व सप्पीरा यांच्या मृत्यूचे असेच काही वैद्यकीय स्पष्टीकरण द्यावे, असे मी म्हणत नाही. लूक तेथे प्रेषिताच्या साक्षीने, पवित्र आत्म्याशी केलेल्या लबाडीविषयी बोलत आहे. पण त्या एका प्रसंगाची फूटपट्टी करून प्रत्येक कोसळलेल्या देहाला लावण्याची परवानगी शास्त्र कोठे देते? उलट, शास्त्र ती वारंवार हातातून काढून घेते. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात आणि प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते (लूक १३:४). पौलाने त्रफिमाला मिलेत येथे आजारी ठेवले आणि तो पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). त्रफिमाचा विश्वास उणा होता, असे अक्षरही त्याने लिहिले नाही.

मार्क ९ मधला झटके येणारा मुलगा तर आमच्या घरी रोज आठवला जाई, कारण प्रवचनकार त्याचेच उदाहरण देत. तो वृत्तांत मी मुद्दाम सावकाश वाचला. अविश्वासाबद्दल प्रभू खेद करतो तो सभोवतालच्या पिढीविषयी. मत्तयाच्या वृत्तांतात अल्पविश्वासाचा ठपका येतो तो शिष्यांवर. मुलावर नाही. मुलाला दोष देणारा एकही शब्द तेथे नाही. आणि बरे करण्याआधी प्रभू बापाला एक साधा प्रश्न विचारतो: हे याला किती दिवसांपासून होते आहे? (९:२१) कोणताही चांगला वैद्य हाच प्रश्न आधी विचारील.

कुंभकोणमला आलेख काढणाऱ्या डॉक्टरांनीही असाच एक प्रश्न विचारला: घरात कोणी तरुण वयात एकाएकी गेले आहे काय? विशेषतः पाण्यात? खोलीत माझी बहीण, मेहुणे आणि मेहुण्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. बराच वेळ कोणी बोलेना. मग मातोश्रींनी सांगितले. त्यांचा धाकटा मुलगा १९९१ साली, सतराव्या वर्षी, कावेरीत बुडाला. तो पट्टीचा पोहणारा होता. पाणी फार नव्हते, बरोबरचे सगळे सुखरूप वर आले. तो दिवस रविवारचा होता. उपासना चुकवून तो नदीवर गेला होता, आणि त्यासाठी पैसे आईनेच दिले होते, पोरांना परतताना खाण्यासाठी म्हणून. प्रभूचा दिवस मोडल्याची ही शिक्षा, असे तेव्हा घरात आणि मंडळीत बोलले गेले. त्या माउलीने तीस वर्षांहून अधिक काळ ते मान्य केले होते. पोहणे हे या रोगाच्या एका प्रकारात झटका आणणारे प्रमुख कारण आहे, असे डॉक्टरांनी समजावले, तेव्हा ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "म्हणजे शनिवारी गेला असता तरी?" डॉक्टर म्हणाले, "होय, पाट्टी, कोणत्याही वारी."

१ योहान ३:२० मध्ये आपल्यालाच दोषी ठरवणाऱ्या हृदयाविषयी जे लिहिले आहे, त्यावर मी अनेकदा बोललो आहे. देव त्या हृदयाहून मोठा आहे, हे त्या दिवशी एका म्हातारीच्या चेहऱ्यावर पाहिले.

हा दोष एका पालकाकडून प्रत्येक अपत्याला निम्म्या संभवाने मिळतो. मेहुण्यांचा आलेख काढला. दोष त्यांच्याकडून आला होता. आता अपराधीपणाची पाळी त्यांची. निर्गम २० मधले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे शब्द त्यांना कोणीतरी ऐकवलेच. पण यहेज्केल १८ व्या अध्यायात आंबट द्राक्षांची म्हण देव स्वतः बंद करतो. जनुक वारशाने येते, अपराध येत नाही. बापाने मुलीला नाकाची ठेवण दिली तशीच ही एक ठेवण दिली, न पाहता, न निवडता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हृदयाच्या स्नायूला दुर्बल करणारा एक जनुकदोष भारतीयांत सुमारे शंभरांत चार जणांकडे आढळला. तो रोग निराळा, पण ज्यांच्या छातीत असे काही दडलेले आहे ते या मासिकाच्या वाचकांतही असणार, आणि त्यांत पापी-पुण्यवान अशी वाटणी नसणार.

येथवर मला काही अडचण नव्हती. प्रश्न पुढे उभा राहिला. दोष कोणाचाच नाही असे म्हटले की, आपण निवांत होतो. आणि त्या निवांतपणात एक मोह असतो. कोणाचा अपराध नाही ना? मग कोणाला सांगायचे तरी कशाला?

मेहुण्यांची एक बहीण आहे, भाचीची आत्या. कावेरीकाठच्याच एका गावी ती राहते. दोष तिच्याकडेही असू शकतो, आणि तिच्याकडून मुलांकडे. तिच्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी तिरुच्चिरापळ्ळीच्या एका घराशी चालू होती; धाकटा मुलगा चौदा वर्षांचा. आत्याचे म्हणणे होते की, लग्न पार पडेपर्यंत कोणी तपासणी करू नये आणि कोणी कोणाला लिहू नये. मुलीच्या घराण्यात हृदयाचे दुखणे आहे असे एकदा पसरले की, ते कोणीही पुसू शकत नाही. तिचे म्हणणे मी तुच्छ लेखणार नाही. मुलीचे लग्न मोडल्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजात ज्याने पाहिले आहे तो ते तुच्छ लेखणार नाही. शिवाय आजार ज्याचा, गुपित त्याचे. दुसऱ्याच्या शरीराची वार्ता चावडीवर नेण्याचा हक्क नातेवाइकाला नाही.

परंतु माहिती केवळ आपल्याच शरीराची असते काय? अनुवाद २२:८ मध्ये एक लहानशी आज्ञा आहे, प्रवचनात ती क्वचितच येते. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी खाली पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. गच्ची असणे हा अपराध नव्हे. पडणाऱ्याला कोणी ढकललेले नसते. तरीही तेथून माणूस पडू शकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडून कठड्याचा हिशोब मागितला जातो. हृदयाच्या ठोक्याविषयी माझे मत याच आज्ञेने बनले. ठोक्याचे उत्तर देव आपल्याकडे मागणार नाही. ठोक्याविषयी जे कळले, त्याचे आपण काय केले, हे मात्र तो विचारील. आणि तेथे 'लेव' हा शब्द पुन्हा आपल्या जुन्या अर्थाने, विवेकाच्या अर्थाने उभा राहतो.

आणि हा कठडा बांधणे काही कठीण नाही. आलेख काढायला काही मिनिटे लागतात, वेदना होत नाही. दोष आढळला तर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी रोज घ्यावी लागते. सर जेम्स ब्लॅक यांनी ती शोधली आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. पोहणे आणि चढाओढीने धावणे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये. एरिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन यांसारखी काही नेहमीची औषधे अशा माणसाने टाळावी लागतात, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी आपले दुखणे सांगावे लागते. फार धोका असलेल्यांच्या छातीत झटका थांबवणारे यंत्र बसवतात. माझ्या भाचीला ते अजून लागलेले नाही. गोळी सुरू झाल्यापासून ती एकदाही पडलेली नाही. नात्यांतल्या लग्नांविषयीही बोलले पाहिजे. तमिळ मुलुखात, आणि आपल्याकडेही मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या समाजांत, एकाच घराण्याचे जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. नॉर्वेच्या त्या बहिऱ्या मुलांचा प्रकार तसाच, दोन्ही पालकांकडून दोष मिळाल्याने होतो.

सोयरिकीचे काय? माझे मत स्पष्ट आहे. झाकून जुळवलेल्या लग्नात पहिल्या दिवसापासून एक गच्ची बिनकठड्याची राहते, आणि पुढे तेथे नातवंडे खेळतात. पण ते मत मी आत्याला ऐकवले नाही. बोलण्याचा पहिला हक्क जिचे दुखणे तिचा होता. भाची आता एकोणीस वर्षांची आहे. तिनेच ठरवले आणि मे महिन्यात तिने वडिलांच्या बाजूच्या अकरा नातेवाइकांना तमिळात पत्रे लिहिली. पत्रात कोणाचे नाव नव्हते, फक्त स्वतःचे. मसुदा तिने मला दाखवला. 'इरुदयम्' हा शब्द तिने एकदाच, डॉक्टरांच्या अर्थाने वापरला होता.

मे महिनाच तिने का निवडला, हे मला नंतर कळले. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची प्रथेची तारीख १२ जून. ते पाणी खाली येऊन कालवे भरू लागले की, काठावरची सगळी पोरे त्यात उड्या घेतात. आत्याचा धाकटा मुलगा त्यांतला म्होरक्या.

अकरांपैकी पाच जणांनी उत्तर पाठवले. आत्याने उत्तर दिले नाही, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ती दोन्ही मुलांना घेऊन गुपचूप आलेख काढून आली. मुलीचा आलेख निर्दोष आहे. मुलाचा सीमारेषेवर आहे. दोष असूनही आलेख सरळ येणारी माणसे या रोगात बरीच असतात, म्हणून जनुकाची तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनी दोघांनाही जपायला सांगितले आहे आणि मुलाला पाण्यात उतरण्याची मनाई केली आहे. तिरुच्चिरापळ्ळीच्या मंडळींना आत्याने अजून काही कळवलेले नाही. ती विचार करते आहे, असे मेहुणे म्हणतात. मुलगा संध्याकाळी काठावर बसून इतरांचे पोहणे पाहतो, आणि ज्या बहिणीने पत्र लिहिले तिच्याशी बोलत नाही.